टाकीला लॉकवालं झाकण हवंय, पण माझ्याच गाडीला बसणारं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीतलं पेट्रोल काढून नेल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, आतल्या पानावर चार ओळी, आणि आपण वाचून पान उलटतो. त्या चार ओळींत एक गोष्ट कधी लिहिलेली नसते, ती आधी सांगतो आणि मग मूळ विषयावर येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात चोरीचं कलम ३०३ आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल आणि चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल तर माल किंवा त्याचे पैसे परत केल्यावर त्याला समाजसेवेची शिक्षा, आणि असली चोरी अदखलपात्र. म्हणजे पोलीस एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेणार, तिची कॉपी आपल्या हातात देणार, आणि मॅजिस्ट्रेटचा आदेश असल्याशिवाय पुढचा तपास करायचा अधिकारच त्यांना नाही. आता हिशोब करा, छोट्या गाडीची टाकी ३५ लिटरच्या आसपास, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर काठोकाठ भरलेली टाकी सगळीच्या सगळी ओढून नेली तरी ३,६४० रुपये होतात. ५,००० ला पोचतच नाही. मी पोलिसांना नावं ठेवत नाहीये, कलमात जे आहे ते आहे, पण ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते त्याने एवढं समजून घ्यावं की आपल्या टाकीची राखण आपल्यालाच करायचीय.

राखण करायची म्हणजे काय, तर टाकीला चावीवालं झाकण बसवायचं. एवढं साधं काम. ते किती अवघड होऊन बसलंय त्यासाठी हे पत्र.

आधी मला एक सांगा, लाखाच्या आतल्या बाईकला टाकीचं झाकण चावीचंच असतं, इग्निशनचीच चावी त्याला लागते, हे कुणाला मागावं लागत नाही, शोरूममधून गाडी तशीच येते. आणि आठ-नऊ लाखांच्या कारला हाताने फिरवून काढायची प्लास्टिकची काळी कॅप. कंपनीवाले म्हणतील की कॅपवर बाहेरून लिड, म्हणजे पत्र्याचं छोटं दार, आहे की, ते आतून उघडतं. आहे ना, ड्रायव्हर सीटच्या बाजूला खाली तो खटका असतो, तो ओढला की केबल ओढली जाते आणि मागचं लिड टक्कन उघडतं. पण गाडी सात-आठ वर्षांची झाली की ती केबल सैल पडते, लिडची जीभ झिजते, कधी पंपावरच्या पोराने लिड जोरात आपटून आपटून बिजागरी ढिली झालेली असते, आणि मग ते लिड स्क्रूड्रायव्हर सोडा, नुसतं नख घालून उघडतं. ज्यांच्या गाडीचं लिड सेंट्रल लॉकिंगबरोबर लॉक होतं त्यांनी हे पत्र इथेच सोडून दिलं तरी चालेल, त्यांना याची गरज नाही. बाकीच्यांसाठी पुढे लिहितो.

माझी गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, सांगलीत घरासमोर रस्त्यावरच उभी असते कारण वाड्याला पार्किंग नाही. लॉकवाली कॅप घ्यायची ठरवली आणि आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर गेलो. तिथे उत्तर मिळालं की या मॉडेलला लॉकची कॅप येत नाही. बरं, दुसऱ्या कुठल्या मॉडेलची बसेल का? माहीत नाही. तुमच्या कंपनीच्या व्हॅनला तर येते, तिचा गळा, म्हणजे कॅप बसते ते टाकीचं तोंड, वेगळा आहे का? माहीत नाही. पार्टचा कॅटलॉग कॉम्प्युटरवर समोर उघडा आहे, चित्रासकट, पण गळ्याचं माप त्यात नाही. यात त्या काउंटरवरच्या पोराचा काही दोष नाही, त्याला कंपनीनेच ते दिलेलं नाही.

मग बाहेरचं मार्केट. आपल्याकडे पुण्याला नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पार्टसाठी लोक लांबलांबून जातात, तिथे न मिळणारी वस्तू विरळा. जुनी सुमो, ओम्नी, बोलेरो, इंडिका यांची चावीवाली झाकणं तर जिल्ह्याच्या गावातही टांगलेली असतात, त्या लोकांना काहीच त्रास नाही. पण तुमची गाडी त्या यादीत नसली की दुकानदार एक खोकं पुढे सरकवतो, वर लिहिलेलं असतं युनिव्हर्सल, सगळ्या गाड्यांना चालतं. ऑनलाइन बघितलं तर तेच, खाली पन्नास गाड्यांची नावं, त्यात पेट्रोल आहे डिझेल आहे, एकाच कंपनीच्या वीस वर्षांतल्या सगळ्या गाड्या आहेत, आणि खाली लोकांचे रिव्ह्यू, एक म्हणतो मस्त बसलं दुसरा म्हणतो थ्रेडच जुळत नाहीत, दोघांच्या गाड्या एकच. किंमत दोन-अडीचशेपासून हजार-बाराशेपर्यंत, आणि दोनशेच्या आणि हजाराच्या झाकणात फरक काय हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

संपादक महोदय, तुम्ही म्हणाल एका झाकणासाठी एवढं काय. तर ते झाकण नुसतं झाकण नाहीये, गडबड तिथेच आहे.

पेट्रोल वापरलं जातं तसं टाकीतलं पेट्रोल कमी होतं आणि त्या जागी हवा आत यायला लागते. आली नाही तर टाकीत व्हॅक्युम तयार होतो, पंप पेट्रोल ओढू शकत नाही, आणि गाडी चांगली तीस-चाळीस किलोमीटर पळून मग झटके खायला लागते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी केली की परत चालू. मेकॅनिक फिल्टर बदलतो, प्लग बघतो, कधी कधी पंपच बदलून टाकतो, बिल काही हजारांत जातं, आणि शेवटी कुणीतरी जुना ड्रायव्हर येतो आणि टाकीचं झाकण फिरवतो, फुस्स आवाज येतो, गाडी चालू. हे कुठल्याही जुन्या गॅरेजवाल्याला विचारा, तो हसून सांगेल. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत यावर सोपा उपाय होता, झाकणालाच बारीक भोक असायचं, हवा आत, वाफ बाहेर, कुणाला पर्वा नव्हती. आजकालच्या पेट्रोल गाड्यांत तसं चालत नाही कारण पेट्रोलची वाफ बाहेर सोडायला बंदी आहे, ती वाफ कोळशाच्या डब्यात म्हणजे कॅनिस्टरमध्ये धरून ठेवतात आणि इंजिन चालू असताना तिथून ओढून जाळतात. म्हणून या गाड्यांची कॅप घट्ट सील होणारी असते आणि तिच्या पोटात छोटा व्हॉल्व्ह असतो, टाकीत व्हॅक्युम झाला तर तो बाहेरची हवा आत घेतो, आतलं प्रेशर फारच वाढलं तर थोडं सोडतो, एरवी बंद. कुकरच्या झाकणाला रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि आपण त्याला दुसऱ्या कंपनीचं झाकण लावत नाही, तसंच हे आहे.

आता त्या युनिव्हर्सल झाकणात यातलं काय आहे? कुणालाच माहीत नाही. आरपार भोक असेल तर बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत वाफ सरळ बाहेर, उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरला ४५ डिग्रीत गाडी उन्हात तापून आली की बंद पार्किंगमध्ये वास सुटणार, पेट्रोल उडून जाणार ते वेगळंच, म्हणजे चोरापासून वाचवलेलं पेट्रोल हवेत. आणि भोकही नाही व्हॉल्व्हही नाही असं असेल तर वर लिहिलं तसं गाडी घाटात बंद पडणार. यावर आपल्याकडचा जुगाड म्हणजे झाकणाला ड्रिलने भोक पाडून घेणं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, गाडी पेट्रोलची, आणि वर आपण पावसाच्या प्रदेशात राहतो. लिडच्या आत जो खोलगट भाग असतो तिथे पावसाचं पाणी जातं, ते निघून जायला खाली एक बारीक नळी किंवा भोक असतं, ते पानांनी मातीने बुजलं की पाणी तिथेच साठतं, कॅपच्या बरोबर खाली. सील चांगलं असेल तर ते पाणी बाहेरच राहतं. नसेल तर थेंब थेंब टाकीत. आणि आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात, जिथून पंप ओढतो. डिझेलवाल्यांचं तर विचारूच नका, आजच्या डिझेल इंजिनातल्या कॉमन रेलच्या इंजेक्टरला पाणी म्हणजे काय ते ज्याने बिल भरलंय त्यालाच विचारा.

शिवाय ती रबरी रिंग. साध्या रबराला इथेनॉल मानवत नाही, फुगतं, मग कडक होतं, मग तडकतं. कंपनीच्या कॅपची रिंग कुठल्या रबराची आहे ते गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. दोनशे रुपयांच्या झाकणाची रिंग कशाची आहे? दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, रबराची आहे साहेब.

आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्याशी बोलताना हा विषय निघाला तर तो म्हणाला मामा इकडे कॅप नीट लागली नाही तरी डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट लागते. खरं आहे, तिकडे १९९६ पासून गाड्यांना ओबीडी-२ सिस्टीम आहे, वाफ गळतेय का हे गाडी स्वतः तपासते आणि कॅप सैल असण्याचा पी-०४५७ असा वेगळा कोडच आहे. म्हणून तिथे कुणी कसलंही झाकण लावून हिंडू शकत नाही, गाडीच ओरडते. आपल्याकडे सगळ्याच गाड्या तसं ओरडत नाहीत, त्यामुळे आपल्याला कळतच नाही आणि आपण म्हणतो बसलंय की व्यवस्थित.

आणखी एक, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. कंपनीच्या कॅपवर किंवा लिडच्या आतल्या बाजूला पेट्रोल नाहीतर डिझेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लॉकवालं झाकण बसवलं की त्यावर काहीच नसतं, कधी कधी तर डिझेलच्या गाडीवर पेट्रोल लिहिलेलं झाकण दिसतं कारण दुकानात तेच होतं. पेट्रोलच्या पंपाचं नोझल बारीक असतं, साधारण २१ मिलिमीटर, डिझेलचं जाड असतं. म्हणून डिझेलचं नोझल पेट्रोल गाडीच्या गळ्यात सहसा शिरत नाही, पण पेट्रोलचं नोझल डिझेल गाडीत आरामात जातं, आणि चुकीचं इंधन भरल्याचे बरेचसे प्रकार असेच घडतात. काचेवर ते रंगीत स्टिकर असतं, डिझेलला केशरी आणि पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, पण गर्दीत पंपावरचा पोरगा काचेकडे बघतो की झाकणाकडे? झाकणाकडे बघतो. तेव्हा डिझेलवाल्यांनी नवीन झाकण घेतलं तर पहिल्याच दिवशी त्यावर मोठ्या अक्षरात डिझेल लिहून घ्या, मार्करने नको, पेट्रोल-डिझेलच्या हाताने पुसला जातो, एनॅमल पेंटने लिहा.

बसतं का बघायचं म्हणजे दुकानात हातात घेऊन फिरवून बघायचं नाही. गाडी दुकानासमोर न्यायची आणि जुनी कॅप शेजारी ठेवून बघायची. आटे आहेत की पाव फेरा फिरवून अडकणारी खाच आहे, आटे आतून आहेत की बाहेरून, रिंग गळ्याच्या तोंडावर सगळीकडून सारखी टेकते का, कंपनीची कॅप घट्ट झाल्यावर कटकट वाजते तशी ही वाजते का, कारण ती कटकट म्हणजे जास्त आवळून आटे मोडू नयेत म्हणून केलेली सोय आहे आणि स्वस्त झाकणात ती नसते, त्यात लोक जोर लावतात आणि गळाच खराब करून घेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिड बंद करून बघायचं! लॉकवालं झाकण उंच असतं, कुलपाचा गाभा आत बसवायचा तर उंची वाढणारच, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत झाकण छान बसतं आणि लिडच बंद होत नाही, किंवा जेमतेम होतं आणि मग लिड आतून दाब खाऊन वाकडं होतं. हे घरी आल्यावर कळतं आणि तोवर दुकानदार म्हणतो वापरलेला माल परत घेत नाही.

पार्ट्स काउंटरवर जाताना आरसी घेऊन जा, तिच्यावर १७ अक्षरी-अंकी चासी नंबर असतो, मारुतीचा एमए३ ने सुरू होतो, टाटाचा एमएटी, महिंद्राचा एमए१, ह्युंदाईचा एमएएल. नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं तर काउंटरवाला अंदाजाने पार्ट देतो, एकाच नावाखाली दोन-तीन पिढ्यांच्या गाड्या येऊन गेलेल्या असतात. चासी नंबर टाकला की तुमच्याच गाडीचा पार्ट निघतो. आणि त्याच कंपनीच्या मालवाहू नाहीतर टॅक्सीच्या गाडीला लॉकची कॅप येत असेल तर ती मागवून बसवून बघू द्या असा आग्रह धरा, गळा पुष्कळदा सारखा असतो, कंपन्या प्रत्येक गाडीला वेगळा गळा बनवत बसत नाहीत. माझं काम शेवटी असंच झालं, पण ते मला काउंटरवरून कळलं नाही, गॅरेजमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीची कॅप काढून लावून दाखवली तेव्हा कळलं. ज्या कंपन्या भारतातून निघून गेल्या, म्हणजे शेवरोलेने २०१७ च्या अखेरीला विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यांच्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत, त्या मालकांनी तर आपली जुनी कॅप फुटायची वाट न बघता आत्ताच चौकशी केलेली बरी.

आता चावीचं. बाजारातल्या झाकणाबरोबर दोन वेगळ्या बारक्या चाव्या मिळतात, आणि इथे एक गंमत सांगतो. युरोपातल्या गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा ८३ नंबरचा रेग्युलेशन आहे, प्रदूषणाचा, आपले भारत स्टेज नियम युरोपच्याच धर्तीवर बेतलेत. त्यात म्हटलंय की झाकण हरवून वाफ आणि पेट्रोल बाहेर सांडू नये याची सोय गाडीत हवी, आणि ती कशी करता येईल याची उदाहरणं दिलीत, झाकण दोरीने किंवा साखळीने बांधलेलं असावं, किंवा झाकणाला इग्निशनचीच चावी असावी आणि ती चावी झाकण लॉक झाल्याशिवाय बाहेरच निघू नये. विचार करा किती हुशारीची गोष्ट आहे ही. झाकण पंपावर विसरलात तर चावी झाकणात अडकलेली, चावी नाही तर गाडी चालू होणार नाही, म्हणजे झाकण विसरून जाताच येत नाही. आणि आपण काय करतो, वेगळ्या चावीचं झाकण घेतो, गाडी चालू करायची चावी खिशात, झाकणाची चावी झाकणात, पंपावरचा पोरगा झाकण मशीनवर ठेवतो, मागची रिक्षा हॉर्न मारते, आपण निघतो. झाकणही गेलं आणि चावीही गेली. मग गळ्यात फडकं कोंबून किंवा प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधून गाड्या फिरतात, हे दृश्य तुम्हीही बघितलं असेल, गरम सायलेन्सरपासून किती लांब असतं ते फडकं याचा विचार कुणी करत नाही.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या नाक्यावरच्या चावीवाल्याकडे आहे. बऱ्याच झाकणांच्या कुलपाचा गाभा खोलता येतो, आत पितळी पत्त्या असतात, त्या मागेपुढे बदलून चावीवाला ते कुलूप तुमच्या गाडीच्या चावीला जुळवून देऊ शकतो, अट एवढीच की चावीची खाच त्या गाभ्यात जाणारी हवी. जुन्या गाड्यांना बाजारात आख्खा लॉकसेट मिळतो, इग्निशन, दरवाजे, डिकी, टाकी, सगळ्याला एक चावी. नव्या बटन स्टार्टच्या गाड्यांत मात्र पंचाईत आहे, चावी रिमोटच्या पोटात लपलेली, तिथे वेगळी चावी आलीच. आणि स्वस्तातल्या झाकणांच्या चाव्या एकमेकांना लागतात हेही तपासून घ्या, दुकानात त्याच ब्रँडची दोन खोकी उघडायला सांगा आणि एकीची चावी दुसऱ्यात फिरवून बघा, दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

कुलूप लावलं म्हणजे चोरी बंद होते असं मी म्हणत नाही. नव्या गाड्यांच्या गळ्यात झडप असते, वळणं असतात, साधी नळी तशीही खाली जात नाही, आणि ज्याला चोरायचंच आहे तो गाडीखाली झोपून प्लास्टिकच्या टाकीला भोक पाडतो, त्याचा खर्च पेट्रोलच्या कितीतरी पट. पण तो मोठा चोर झाला. गल्लीतला जो पोरगा बाटली आणि नळी घेऊन हिंडतो तो बंद झाकण बघून पुढच्या गाडीकडे जातो, एवढ्यासाठीच कुलूप.

खेड्याकडे हा विषय जास्त गंभीर आहे पण त्यावर कुणी लिहीत नाही. ट्रॅक्टरला लिड वगैरे काही नसतं, टाकी उघडी, झाकण हाताने फिरतं. गळीत हंगामात आमच्या भागात साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, नंबर यायला रात्र रात्र जाते, ड्रायव्हर दमून तिथेच झोपतो आणि सकाळी टाकी हलकी. ट्रकवाले तरी टाकीच्या गळ्यात जाळी बसवून घेतात, झाकणाला वरून पट्टी वेल्ड करून कुलूप अडकवतात, ढाब्यावर उभ्या गाड्यांकडे बघा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ट्रकमधून चारशे लिटर गेलं तर ते पाच हजाराच्या वर जातं, दखलपात्र होतं. ट्रॅक्टरमधून तीस-चाळीस लिटर गेलं तर परत तीच एनसी. त्या शेतकऱ्याला शंभर किलोमीटरवर कुर्ला नाही आणि नाना पेठ नाही, तो तालुक्याच्या दुकानात मिळेल ते घेतो.

म्हणून माझी मागणी काय आहे ती लिहितो. आपल्या सरकारने २०१९ पासून नंबरप्लेटला न निघणारं स्नॅप लॉक सक्तीचं केलं, जुन्या गाड्यांनाही ती प्लेट लावायला लावली, मुदती वाढवून वाढवून लावायला लावली. नंबरप्लेटला कुलूप आणि टाकीला नाही हा कुठला न्याय? मी सक्ती करा म्हणत नाही, सक्ती झाली की त्याच्या एजन्सी आणि त्याच्या अपॉइंटमेंट येतात, नको ते. मागणी साधी आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टाकीच्या गळ्याचं माप, आट्यांचा प्रकार आणि झाकण व्हॉल्व्हवालं की साधं हे एका ओळीत छापा. प्रत्येक कंपनीने आपल्या कुठल्या मॉडेलला कुठली लॉकची कॅप चालते याची यादी पार्ट्स काउंटरवर लावा. आणि बाहेर झाकणं बनवणाऱ्यांना हेच खोक्यावर छापायला लावा, पेट्रोलसाठी की डिझेलसाठी, आत व्हॉल्व्ह आहे का, रिंग २० टक्के इथेनॉलला टिकणारी आहे का, नसेल तर नाही असं छापा. गाड्या तपासणारी एआरएआय आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर बसलीय, अख्ख्या गाड्यांची धडक आणि धूर तपासणाऱ्यांना एका झाकणाची तपासणी जड जाणार नाही. आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनी ती पन्नास गाड्यांची यादी खरी असेल तरच लावावी, नाहीतर न बसलेलं झाकण वापरलेलं असलं तरी परत घ्यावं.

हे पत्र छापलंत तर पार्ट्सच्या धंद्यातल्या जाणकारांनीही लिहावं, कुठल्या गाडीला कुठली कॅप चालते हे त्यांच्या डोक्यात असतं, कागदावर कुठेच नसतं.

आपला,
एक जुना वाचक, सांगली

ता. क. लॉकवालं झाकण बसवलंत तर पावसाळ्याआधी कुलपात तेल सोडू नका, तेलाला धूळ चिकटून ते जाम होतं. हार्डवेअरच्या दुकानात ग्रॅफाइट पावडर मिळते ती थोडी फुंका, आणि दुसरी चावी गाडीत न ठेवता घरी ठेवा.